ठमीसाठी पाच टायर

ठमी गेलं वर्षभर चार लोखंडी घोड्यांवर उभी होती, चाकं जमिनीपासून वीतभर वर. ठमी म्हणजे सासूबाईंची जुनी स्पोर्ट्‌स कार. गडद हिरवी, कापडी टपाची, दोनच माणसांची आणि इतकी बसकी की शेजारून चालणाऱ्याला वाकून आत बघावं लागे. तिला तारेच्या आऱ्यांची चाकं होती. तरुणपणी सासूबाई तिच्यातून डोंगररस्त्याच्या शर्यती मारायच्या आणि त्यांची धाकटी बहीण नकाशा मांडीवर घेऊन शेजारी बसायची. आता ती बहीण त्याच डोंगरावरच्या गावात राहत होती. गुडघ्यांनी बेजार झाल्यामुळे तिचं खाली उतरणं बंद झालं होतं. सासूबाईंनी मनाशी ठरवलं होतं, की एकदा ठमी स्वतः चालवत वर न्यायची आणि बहिणीच्या दारात उभं राहून हॉर्न मारायचा.

"टॅक्सीनं जा की," असं मुलानं एकदा फोनवर सुचवून पाहिलं.

"टॅक्सीतनं सामान जातं," सासूबाई म्हणाल्या होत्या. "मी अजून सामान झालेली नाही."

इंजिन ठीक होतं. ब्रेक नवे बसवून झाले होते. लायसन्सची मुदत शिल्लक होती. घोडं अडलं होतं ते टायरांवर.

रोज संध्याकाळी चहा झाला, की सासूबाई गॅरेजमध्ये जात, घोड्यांवरच्या ठमीत चढून बसत आणि भिंतीकडे तोंड करून गाडी चालवत. इंजिन बंदच असे. नुसता गिअरचा दांडा. स्वयंपाकघराची भिंत गॅरेजला लागून होती, त्यामुळे सून भाजी चिरत असली की तिला पलीकडून तो आवाज येई. खट्. थोडी शांतता. खट्. मग लांबलचक शांतता, म्हणजे सरळ रस्ता. मग पटापट दोन खट्खट्, म्हणजे मोठं वळण. तो घाट सुनेनं कधी पाहिला नव्हता, पण एव्हाना तिला तो पाठ झाला होता.

आणि तो आवाज आला, की तिची सुरी जरा थांबायची. कारण टायर का मिळत नाहीत हे घरात तिला एकटीलाच ठाऊक होतं.

ती रबराच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होती. पाइपांचे जोड, पंपांचे गास्केट, असल्या गोष्टी बाहेर पडण्याआधी तिच्या टेबलावरून जात. तिच्याकडे खिशातल्या जाड घड्याळासारखा दिसणारा एक मीटर होता. खाली बोथट टाचणी. ती रबरावर दाबली, की रबर किती कडक आहे ते काटा सांगतो. टायरचं रबर साठीच्या घरात असलं तर ते रस्ता धरून ठेवतं. पंचाहत्तरच्या पुढे गेलं की भरवसा संपला. कामावर तिचा आकडा कुणी पुन्हा तपासत नसे. आकडा सांगताना तिचा आवाज जराही वर-खाली होत नाही, असं साहेब कौतुकानं म्हणत.

तर टायर शोधायला सासूबाई तिलाच घेऊन जाणार, हे उघड होतं.

"या मावशी, या!" त्या शनिवारी टायरवाल्यानं लांबूनच हाक मारली. दुकानात दोन्ही बाजूंना छतापर्यंत टायर रचलेले होते आणि मध्ये एका माणसापुरती वाट. "तुमच्या पोरीसाठी स्थळ आणलंय. असं स्थळ की नाव ठेवायला जागा नाही."

"नाव ठेवायला जागा नसते तिथंच मी आधी बघते," सासूबाई म्हणाल्या. "दाखव."

टायरवाल्यानं आतून एक टायर घरंगळत आणला. उंच, अरुंद, जुन्या वळणाची नक्षी. पण आतून नवा, रेडियल. ठमीच्या चाकांना नेमका हाच आकार लागत होता. हल्लीच्या गाड्यांचे टायर रुंद आणि बुटके. तसे ठमीला घातले तर वळताना ते पत्र्याला घासतात. हे असे अरुंद टायर फार कमी ठिकाणी बनतात, आणि इतके ताजे तर क्वचितच हाती लागतात. काठावर छापलेली तारीख मागच्याच महिन्याची होती.

सासूबाईंनी त्यावरून हात फिरवला. जनावर विकत घेताना माणूस पाठीवरून फिरवतो तसा. मग बाजूला झाल्या, सुनेला जागा करून दिली.

तिनं मीटर काढला. टाचणी दाबली. काटा चौसष्टावर थांबला. तिनं दुसऱ्या ठिकाणी दाबली, तिसऱ्या ठिकाणी दाबली. चौसष्ट. वर्षभरात पाहिलेल्या सगळ्या टायरांत एवढं चांगलं रबर तिला भेटलं नव्हतं.

"अठ्ठ्याहत्तर," ती म्हणाली.

"काय सांगताय ताई!" टायरवाल्यानं कपाळाला हात लावला. "कालपरवाचा माल आहे."

"वाटेत कुठे उन्हात पडून राहिला असेल. रबर तापलं की लवकर म्हातारं होतं." हे वाक्य तसं खरं होतं. या टायरबद्दल मात्र नव्हतं. पहिल्या खोट्याला टेकू द्यायला दुसरं लागतं आणि ते इतकं सहज जिभेवर येतं, याचं तिला नवल वाटलं.

"मावशी, तुमच्या सूनबाई टायरांची परीक्षा घेतात आणि पास म्हणून कुणाला करत नाहीत," टायरवाला म्हणाला. "मी शाळेत होतो तेव्हा अशाच एक बाई होत्या. म्हणून तर मी आज टायर विकतोय."

सासूबाई हसल्या नाहीत. टायरकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ती नको म्हणते ना, मग नको. अरे, ही रोज शेकडो गास्केटांचं नशीब ठरवते. आपल्या पाच टायरांचं तिला काय जड आहे?"

चार चाकांचे चार आणि मागच्या डिकीतला एक, म्हणून पाच. सून मीटर डबीत ठेवत होती. डबीचं झाकण तिला दोनदा बसवावं लागलं.

असं नव्हतं, की ती पहिल्यापासून खोटं बोलत होती. पहिला संच खरंच जुना होता. काटा शहात्तरावर गेला, तिनं शहात्तर सांगितलं. रात्री नवऱ्याला फोनवर सहज ही गोष्ट सांगितली, तर तो केवढा खूश झाला. तो पूल बांधणारा इंजिनिअर, लांबच्या साइटवर असायचा. "शाब्बास!" तो म्हणाला. "टायर नाहीत तोवर गाडी घराबाहेर पडत नाही. असंच चालू ठेव." दुसऱ्या दुकानातले टायर रुंद निघाले, तेही खरं. तिसरे, याच टायरवाल्याकडचे, मात्र जुन्या पद्धतीचे, क्रॉसप्लाय, आणि चांगले होते. सासूबाईंचा जीव त्यांच्यावर जडला होता. त्या वेळी तिनं पहिल्यांदा आकडा फिरवला. आणि आता हे चौथे.

*

"मला नाही जमत हे," घरी आल्यावर तिनं फोनवर सांगितलं. ती गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींच्या मागे उभी होती, म्हणजे खालून दिसू नये.

"आता किती राहिलं? दोन महिने," नवरा म्हणाला. "मी आलो की विषयच मिटेल. एक डेंटिस्ट आहेत, त्यांना ठमी हवी आहे. ट्रक घेऊनच येणार आहेत. टायरबियर काही लागत नाही त्यांना."

"आईंना विचारलंस?"

"टायर जगात मिळतच नाहीत म्हटल्यावर ती आपणच म्हणेल, विका."

"मिळतात, म्हणून तर मी खोटं बोलतेय."

"अगं, तिचं वय काय, तो घाट काय. गेल्या वर्षी कुंडी फोडली ते विसरलीस? कुंडीच्या जागी कुणाचं पोर असतं तर?"

कुंडी तिनंही पाहिली होती. ठमी गॅरेजमधून मागे घेताना सासूबाईंनी सरळ कुंडीवर घातली होती, आणि तेव्हापासूनच मुलगा म्हणू लागला होता की पुरे आता. भीती तिलाही वाटत होती. नवऱ्याचं सगळं चूक आहे असं म्हणता आलं असतं, तर गोष्ट सोपी होती.

"मग हेच त्यांना सांग ना तू. की चालवू नकोस, मला भीती वाटते."



"मी सांगू?" नवरा म्हणाला. "मला त्या घरात पुन्हा यायचंय. आईला नाही म्हणायची कुणाची टाप आहे? तुझं ती ऐकते. तू रबरातली आहेस."

"माझ्यावर त्यांचा विश्वास आहे."

"तेच तर म्हणतोय मी."

तिनं फोन ठेवला आणि चादरी गोळा केल्या. नवऱ्याला ती खरं बोलू शकत होती, तर तो ऐकत नव्हता. सासूबाई ऐकत होत्या, तर त्यांना खरं सांगता येत नव्हतं. ती स्वयंपाकघरात आली तेव्हा भिंतीपलीकडे घाट सुरू झाला होता. खट्. खट्. आपणही घोड्यांवर चढवलेल्या आहोत, असं तिच्या मनात आलं. पाय चालतात, हात चालतात, जमीन तेवढी लागत नाही.

त्या संध्याकाळी एक गोष्ट मात्र वेगळी झाली. गिअरचा आवाज वळणावरच थांबला आणि पुढे आलाच नाही. सासूबाईंनी घाट अर्धा सोडला होता.

*

रविवारी सकाळी तिला जाग आली ती कसल्याशा फुसफुस आवाजानं. पायानं मारायचा हवेचा पंप. ती तशीच चपला अडकवून गॅरेजकडे गेली.

ठमी जमिनीवर होती.

चारही घोडे कोपऱ्यात रांगेत लावलेले. सासूबाई डोक्याला रुमाल आणि हातात जुने चामडी मोजे घालून शेवटच्या चाकात हवा भरत होत्या. चाकांवर ठमीचेच जुने टायर होते. नवरा शाळेत होता त्या काळात बसवलेले. सासूबाईंनी त्यांना काळं पॉलिश चोळलं होतं आणि ते बुटांसारखे चमकत होते.

"आई, हे काय?"

"दिसत नाही? उतरवली खाली."

"एकटीनं?"

"जॅकनं उतरवली. मी नुसता दांडा हलवला. आणि चहा ओट्यावर झाकून ठेवलाय, तो पी. मी दुपारपर्यंत वर पोचते."

"या टायरांवर?"

"नक्षी बघ की. बोट बुडतंय. किती चाललेत ते? शर्यती संपल्यावर बसवलेले. ठमी बाजारात आणि परत, एवढंच."

"नक्षीला काय करायचंय? रबर मेलंय ते. वापरलं नाही तरी मरतं. घाटात गरम झालं की वरचा थर सोलून निघेल, एकदम, काही कळायच्या आत."

सासूबाईंनी पंप थांबवला. "आणि तुझ्या मते जिवंत कुठलं आहे? चार स्थळं आली, चारही तू परत पाठवलीस. याचं वय झालं, तो घासतो, ह्याला ऊन लागलं. जगात टायर नाहीत असं तू म्हणतेस. मग हे काय वाईट? निदान घरचे आहेत."

ती धावत जाऊन मीटर घेऊन आली. गुडघ्यावर बसून पुढच्या टायरवर टाचणी दाबली आणि या वेळी मीटर सासूबाईंच्या समोर धरला. "तुम्हीच वाचा."

सासूबाईंनी चष्मा लावला. "एक्क्याण्णव."

"बघा!"

"बघितलं. काल जो कोरा करकरीत होता, तो अठ्ठ्याहत्तर. आणि हा माझा म्हातारा एक्क्याण्णव. फरक किती? तेरा." त्यांनी चष्मा काढून घडी केला. "तेरा आकड्यांसाठी मी अजून वर्षभर भिंतीकडे बघत बसू?"

 खरा फरक सत्तावीस होता. मधले चौदा तिनंच खाऊन टाकले होते. चांगल्याला वाईट म्हणून सांगता सांगता, खऱ्या वाईटाला म्हणायला शब्दच उरला नव्हता.

"आई, माझं ऐका. हे खरंच..."

"तुझं ऐकतेच आहे वर्षभर. तू सगळ्यांनाच म्हातारं ठरवतेस बाई. टायरांना काय नि मला काय." त्या दार उघडून ठमीत उतरल्या. ठमीत बसायचं म्हणजे उतरावंच लागे. किल्ली फिरवली. इंजिन दोनदा खोकलं आणि तिसऱ्यांदा गर्जून उठलं. छोटं गॅरेज निळ्या धुरानं भरलं.

ठमीचं तोंड भिंतीकडे होतं. बाहेर पडायला मागे यावं लागणार. तिला दुसरं काही सुचेना. ती गाडीच्या मागून दारात जाऊन उभी राहिली, मधोमध, दोन्ही हात पसरून. आपल्याला बघून त्या थांबतील. निदान थांबतील आणि ओरडतील.

मागचा पांढरा दिवा लागला. सासूबाईंचं रुमाल बांधलेलं डोकं तिला पाठमोरं दिसत होतं. ते वळलं नाही. ठमी मागे येऊ लागली.

"आई!"

इंजिनाच्या आवाजात तिचा आवाज बुडाला. गाडी येतच होती, हळू, पण सरळ तिच्यावर. पाठीमागे फाटकाची कड, बाजूला गॅरेजचा खांब. तिनं दोन्ही तळहात डिकीच्या पत्र्यावर आपटले, जीव खाऊन, पुन्हा पुन्हा.

ठमी थांबली. तिच्या गुडघ्याला बंपर लागला होता, नुसता लागला होता.

सासूबाईंनी इंजिन बंद केलं. त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "तू मागे होतीस?"

"मी दारात उभी... तुम्ही वळून का नाही बघितलंत?"

सासूबाई मोजे काढू लागल्या. एकेक बोट ओढून.

"आई, का नाही बघितलंत?"

"वळत नाही," त्या म्हणाल्या. "मान. इथपर्यंतच येते." त्यांनी दाखवलं. हनुवटी खांद्याच्या अलीकडेच अडली, आणि कपाळावर वेदनेची आठी उमटली. "कुंडीच्या आधीपासून. आणि ठमीचा आरसा हा एवढासा, इंजिन चालू झालं की नुसता थरथरतो. आता सांग तुझ्या नवऱ्याला. मलाही घोड्यांवर चढवून वर कापड टाका."

त्या घराच्या पायरीवर बसल्या. तीही शेजारी बसली. समोर ठमी अर्धी आत, अर्धी बाहेर.

आता गप्प बसलं की झालं, हे तिला स्वच्छ दिसत होतं. मान वळत नाही. विषय मिटला. नवऱ्याला फोन, डेंटिस्टचा ट्रक. तिनं काही करायचंसुद्धा नव्हतं. फक्त काल आपण काय केलं ते न सांगता उठायचं होतं.

"चौसष्ट होता," ती म्हणाली.

"काय?"

"कालच्या टायरचा आकडा. अठ्ठ्याहत्तर नव्हता. चौसष्ट. आणि त्याआधीचे, तुम्हाला आवडलेले, तेही चांगले होते. पहिले दोन खरे वाईट होते. नंतरचे दोन मी खोटे सांगितले."

सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं. त्यासाठी त्यांना अख्खं अंग वळवावं लागलं.

"ही अक्कल माझ्या पोराची."

तिनं मान डोलावली.

"तो लहानपणापासून खोटं बोलतो. दूध सांडलं की मांजरावर घालायचा, आणि घरात मांजर नव्हतं. त्याचं मला काही वाटत नाही." सासूबाईंचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "तू बोलशील असं नव्हतं वाटलं. तुझ्या त्या डबीकडे मी देवासारखी बघत होते गं."

तिला वाटलं होतं, की खरं सांगितल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही.

"आणखी एक आहे," ती म्हणाली. "ठमीला गिऱ्हाईक बघून ठेवलंय. एक डेंटिस्ट. तो ट्रक घेऊन येईल."

"दात उपटणारा?" सासूबाई म्हणाल्या. "त्याला गिअरचा दांडा द्या नुसता. उपटून घेऊन जाईल." आणि मग म्हणाल्या, "हे सगळं टायरांच्या मागे लपून का केलंत? सरळ विचारता येत नव्हतं, की म्हातारे, तुला दिसतं का? ऐकू येतं का?"

"दिसतं का?"

"विचारतेस?"

"विचारतेय."

सासूबाईंनी फाटकाबाहेर हात केला. "समोरच्या गल्लीच्या तोंडाशी पाटी आहे. इथे गाडी लावू नये. खाली फोन नंबर. त्याचा शेवटचा आकडा पुसलाय."

तिनं डोळे बारीक केले. पाटी आहे एवढंच तिला दिसलं. ती उठून रस्ता ओलांडून गेली आणि वाचून आली. शेवटचा आकडा पुसलेला होता.

"पुढचं मला सगळं दिसतं," सासूबाई म्हणाल्या. "मागचं बघायला पूर्वी बहीण असायची शेजारी."

*

सोमवारी कामावरून ती परस्पर दुकानात गेली. सासूबाई आधीच येऊन बसल्या होत्या, एका टायरवर. घरात त्या तिच्याशी कामापुरतंच बोलत होत्या आणि तसं किती दिवस चालेल याचा तिला अंदाज नव्हता.

"ते रेडियल?" टायरवाल्यानं मान हलवली. "काल संध्याकाळीच गेले. ताई, तुम्ही नापास केले, दुसऱ्यानं पास केले. पुन्हा यायचे तर पावसाळ्यानंतर."

पावसाळ्यानंतर म्हणजे ट्रक येऊन गेल्यावर. सासूबाईंनी सुनेकडे बघितलंच नाही. तेवढं पुरेसं होतं.

"आपले ते जुन्या पद्धतीचे आहेत तसेच," टायरवाला म्हणाला. "क्रॉसप्लाय. पण तेही तुम्ही..."

"आणा," ती म्हणाली.

तिनं टाचणी दाबली आणि आकडा न वाचता मीटर सासूबाईंपुढे धरला. सासूबाईंनी चष्मा लावला. मग पाचही टायरांवर, तीन-तीन ठिकाणी, हेच झालं. टायरवाला हाताची घडी घालून बघत होता.

"बासष्ट," सासूबाई शेवटी म्हणाल्या. "मग? बोल आता. घ्यायचे?"

वर्षभर ती नाही म्हणत आली होती. हो म्हणणं किती अवघड असतं ते तिला आता कळलं. नाही म्हटलेला टायर दुकानातच राहतो. त्याच्यावरून कुणी दरीत जात नाही.

"रबर चांगलं आहे," ती सावकाश म्हणाली. "पण रेडियल जास्त चांगले होते, ते मी घालवले. हे रस्त्याच्या खाचांमागून भरकटतात. ओल्यात कमी धरतात. स्टिअरिंग सारखं सांभाळावं लागेल."

"ते मला माहीत आहे. मी वाढले त्यांच्यावर. रेडियल शेवटपर्यंत गप्प बसतो आणि एकदम सोडतो. हा आधी कुजबुजतो, मग ओरडतो, मग सुटतो. माणसाला वेळ देतो."

"आणि मला भीती वाटते."

"कशाची? टायरांची?"

"नाही. घाटाची. तुमची."

सासूबाईंनी पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. "हे कारण खरं आहे," त्या म्हणाल्या. "हे चालेल मला. फक्त त्यात पुन्हा आकडा घालू नकोस." मग टायरवाल्याला म्हणाल्या, "पाचही बसवायला घे. आतल्या ट्यूबसुद्धा नव्या." आणि उठता उठता, जणू काही विशेष नाही अशा आवाजात, "मागचं बघायला माणूस लागेल. तू बसणार असशील तरच मी निघेन. नाहीतर डेंटिस्टला देऊन टाक."

यातून सुटायला तिच्याकडे एकच वाट होती. नाही म्हणायची. त्यासाठी आता मीटरही नको होता. नुसतं 'नाही' पुरलं असतं, ठमी दोन महिन्यांनी ट्रकवर चढली असती आणि भिंतीपलीकडचा आवाज कायमचा थांबला असता.

"बसेन," ती म्हणाली.

*

पुढच्या रविवारी ठमीत तिचे गुडघे थेट समोरच्या फळीला टेकत होते. एका बाजूला दार, दुसऱ्या बाजूला गिअरचा तापलेला उंचवटा. पट्टा कमरेशी असा आवळलेला, की श्वाससुद्धा विचारून घ्यावा. रस्ता इतका जवळ होता, की हात बाहेर काढला तर खडी लागली असती. आता वर पोचेपर्यंत यातून उतरणं नव्हतं. ती दर थोड्या वेळानं मान वळवून मागे बघत होती आणि सांगत होती. "मोटरसायकल. गेली. रिकामं. बस आहे, लांब."

घाटाच्या पायथ्याशी फोन वाजला. नवरा. तिनं सासूबाईंकडे बघितलं.

"चालवताना मी फोन घेत नाही," सासूबाई म्हणाल्या. "तुला घ्यायचा तर घे."

तिनं तो स्पीकरवर लावला.

"काय गं, टायरांचं काय झालं? या वेळी आकडा किती आला?"

"बासष्ट," ती म्हणाली.

"म्हणजे सांगितलंस किती?"

"बासष्टच सांगितलं."

क्षणभर फक्त इंजिन. "हा आवाज कसला येतोय?" आणि मग, "अगं, तू कुठे आहेस? थांबव तिला! आत्ताच्या आत्ता तिला सांग, की..."

"फोन स्पीकरवर आहे," ती म्हणाली. "तूच सांग."

पुढे वळण दिसू लागलं होतं. सासूबाईंची नजर त्यावरून हलली नाही. पलीकडे तो श्वास घेताना ऐकू येत होता. ती वाट बघत राहिली. आपल्या जागी तो काय बोलतो, हे तिला ऐकायचं होतं.

"आई," तो म्हणाला. थांबला. "आई, मला... भीती वाटते गं."

"वाटू दे," सासूबाई म्हणाल्या. "हिलाही वाटतेय. पण ही बघ, बसलीय." आणि सुनेला, "मागे?"

तिनं मान पूर्ण वळवून बघितलं. "रिकामं."

खट्. खट्खट्. भिंतीपलीकडून तिनं वर्षभर ऐकलेलं पहिलं मोठं वळण आलं. ठमी झुकली, तिचा खांदा दारावर दाबला गेला, आणि खालून, अगदी जवळून, टायरांचा बारीक आवाज येऊ लागला. फोन अजून चालू होता. तिनं दोन्ही हातांनी सीटची कड घट्ट धरली आणि टायर कुजबुजतोय की ओरडतोय, ते ऐकत राहिली.